समुद्राकडे पाठ

समुद्रासमोर घर घेऊन समुद्राकडे पाठ करून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा घरमालक होता, आणि आमच्याच वाशिम जिल्ह्यातला होता.

संध्याकाळी उन्हं कलली की त्यांच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या निघायच्या. सगळ्या खुर्च्यांची तोंडं पाण्याकडे आणि एकीचं तेवढं घराकडे. त्या उलट्या खुर्चीत काका पायावर पाय टाकून बसायचे आणि आल्यागेल्याशी बोलायचे. मागे आभाळाचा रंग पालटत असायचा. एखादा नवखा म्हणायचा, काका, जरा मागं बघा तरी. ते मान न वळवता सांगायचे, "रोजचंच हाय त्याचं."

बँकेच्या परीक्षेत पास होऊन मला पहिली नेमणूक मिळाली ती कोकणातल्या एका बंदराच्या गावी. तोवर मी कारंजाहून अकोला आणि अमरावती यांच्या पलीकडे गेले नव्हते. खोली शोधायला लागले तर कुणाला माझी जात हवी होती, कुणाला मी मासे खाते की नाही हे हवं होतं. शेवटी बँकेतल्या एका बाईंनी सांगितलं, जुन्या हॉटेलात जाऊन बघ, तिथे तुमच्याकडचे कुणी वऱ्हाडी राहतात.

जुनं हॉटेल म्हणजे एकेकाळचं मोठं हॉटेल. इंग्रज साहेबांनी हवा खायला यावं म्हणून वाळूला लागूनच बांधलेलं, जाड भिंतींचं, उंच छताचं. साहेब गेल्यावर मुंबईचे पैसेवाले यायला लागले. पुढे तेही यायचे थांबले आणि हॉटेल कित्येक वर्षं कुलपात पडलं. मग एका बिल्डरनं ते घेतलं, आणि पाडायच्या ऐवजी आतून भिंती घालून त्याचे फ्लॅट केले आणि विकले. दारांवर पितळेचे जुने खोली-नंबर तसेच राहिले. रिक्षावाल्याला अजूनही 'हॉटेलवर' एवढंच सांगावं लागायचं. तळमजल्यावरचा जेवणाचा हॉल कापून त्याचे दोन फ्लॅट झाले होते. एक काकांचा, दुसरा सोसायटीच्या सेक्रेटरींचा. हॉलच्या छतावर चुन्यात कोरलेलं एक भलंमोठं फूल होतं. भिंत बरोबर त्याच्या मधून गेल्यामुळे निम्म्या पाकळ्या काकांकडे आणि निम्म्या सेक्रेटरींकडे गेल्या होत्या.

दार काकांनीच उघडलं. उंच, काळेसावळे, पांढरा पायजमा आणि हातात पेपर. मी आपलं पुस्तकी मराठीत नाव सांगितलं, बँक सांगितली, वाशिम जिल्ह्यातून आले असं सांगितलं.

"वाशिमात कुठी?"

कारंजा, मी म्हणाले.

"लाडाचं कारंजा?" त्यांनी पेपर खाली ठेवला. "घरून तुरीची डाळ आनली का?"

आईनं बांधून दिलेली डाळ माझ्या पिशवीत होती. मी हो म्हणाले. काकांनी आत वळून आवाज दिला की कारंजाची पोट्टी आली आहे, डाळ घेऊन आली आहे. मग मला म्हणाले, "मंग बॅग कायले बाहेर ठेवली?"

माझी मुलाखत एवढीच झाली. भाड्याचं बोलणं काकूंनी पुढे आठवड्याभरानं काढलं, तेही लाजत.

काका मूळचे धनजचे. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून लागले आणि शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी गावोगावच्या लहान धरणांवर, तलावांच्या भिंतींवर उभं राहण्यात गेली. मधली काही वर्षं त्यांची बदली या बंदराच्या गावी झाली होती. निवृत्तीनंतर मुलगी नागपुरात संसाराला लागलेली, धनजला घर आणि थोडी शेती, आणि हे दोघं नवरा-बायको इथे, समुद्राच्या तोंडाशी. का, ते मला बरेच दिवस कळलं नाही. कारण समुद्रावर काकांचा मनापासून राग होता.

त्यांचा पहिला आक्षेप असा, की हे पाणी कामाचं नाही. "मी नोकरीभर पानी अडवलं. कुठी चार गावं पेले, कुठी गहू झाला. याले काय काम हाय? येते अन् जाते." एवढं पाणी आणि एक गिलास पिता येत नाही, हे त्यांना खात्याच्या दृष्टीनं लाजिरवाणं वाटायचं. ते समुद्राबद्दल नेहमी हाताखालच्या आळशी माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. छत्रीच्या काड्या गंजल्या, कपाटाची बिजागरी अडकली, मिठाला पाणी सुटलं, की दोष त्याचा. काकू हौसेनं मुगवड्या घालायच्या आणि खाऱ्या हवेत त्या कधी वाळायच्याच नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर बुरशी धरायची. एकदा काका ते अख्खं ताट उचलून व्हरांड्याच्या पायरीपर्यंत गेले आणि लाटांपुढे धरून म्हणाले, "पाह्य. पाह्य काय केलं तू." समोरून फिरायला चाललेलं एक जोडपं घाबरून लांबून गेलं.

मासे खायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला होता. निम्म्या ताटावर उठले आणि म्हणाले, जेवून राह्यलो का काटे येचून राह्यलो हेच समजून नाही राह्यलं.

त्या घरात हॉटेलच्या वेळची एक घंटी होती. पूर्वी पाहुण्यानं बटण दाबलं की आत नोकराच्या खोलीत ती वाजायची. बिल्डरनं तारा तोडून टाकल्या होत्या. काकांनी त्या महिनाभर खपून जोडल्या. बटण ठेवलं काकूंच्या पलंगाशी आणि घंटी स्वतःच्या टेबलाच्या वर. दुपारी काकूंची झोप झाली की त्या बटण दाबायच्या आणि काका हातातलं टाकून उठून चहा ठेवायचे. चहात आलं जास्त झालं तर घंटी पुन्हा वाजायची. तेव्हा काका माझ्याकडे बघून म्हणायचे, "साहेबाचा बुलावा आला." पण उठायचे.

काकू ठेंगण्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. आमच्याकडे बायकाही 'मी येतो', 'मी जातो' असंच म्हणतात. काकू मासेवालीला 'मी उद्या घेतो व बाई' म्हणाल्या की ती टोपली खाली ठेवून हसत बसायची. काकूंना समुद्र आवडायचा. त्याबद्दल त्या काही बोलायच्या मात्र नाहीत. संध्याकाळी खुर्चीत येऊन बसल्या की अंधार पडेपर्यंत हलायच्या नाहीत, एवढंच.

मी राहायला गेले तेव्हा त्या इमारतीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. निम्मे फ्लॅट मुंबईकरांचे, सुट्टीत उघडणारे. उरलेल्यांत गावातली शिकलेली, निवृत्त, आपापल्या दाराआड राहणारी मंडळी. सेक्रेटरी कॉलेजचे प्राचार्य होते. अत्यंत स्वच्छ माणूस, बोलणं स्वच्छ, कपडे स्वच्छ. काकांना ते 'आपण' म्हणायचे आणि त्यानंतर दोघांनाही बोलायला काही उरायचं नाही.

थंडीत एका रविवारी काकांनी ठरवलं की रोडगे करायचे. कुठल्याशा गोठ्यातून रिक्षा भरून गोवऱ्या आणल्या. समोरच्या वाळूत खड्डा केला, वाऱ्याला आडोसा म्हणून जुन्या फळ्या रोवल्या आणि गोवऱ्यांचा हार पेटवला. काकूंनी कणकेचे रोडगे वळून दिले, मी वांगी चिरली. वारा फिरला आणि सगळा धूर इमारतीत घुसला. वरच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. थोड्या वेळानं सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून पायऱ्या उतरले आणि विचारू लागले की हे नेमकं काय चाललं आहे.

काकांनी राखेतून एक रोडगा काढला, फडक्यात घेऊन झाडला, फोडला, त्यावर तुपाची धार धरली आणि वांग्याच्या भाजीबरोबर पत्रावळीत घालून पुढे केला. म्हणाले, "साहेब, तक्रार मंग सांगजा. थंडा झाला की मजा नाई याची."

सेक्रेटरी उभ्याउभ्या खायला लागले. मग वाळूत बसले. मग त्यांनी घराकडे वळून पत्नीला हाक मारली. चार वाजेपर्यंत अर्धी इमारत वाळूत बसून जेवत होती. वर्षानुवर्षं एका जिन्यानं चढणारी माणसं एकमेकांना नावं विचारत होती. मासेवाली जेवली, तिचा नवरा जेवला. त्या दिवशी सेक्रेटरींनी तक्रार सांगितली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून काकांच्या खुर्च्यांतली एक खुर्ची त्यांची झाली.

या खुर्च्यांचा एक नियम होता. तिथे कुणीही बसावं. पोस्टमन, टोपली उतरवून दम घेणारी मासेवाली, सहलीला आलेली माणसं, गावातले म्हातारे. पुष्कळांना ते कुणाचं घर आहे हेही माहीत नसायचं. काही जण चहा मिळेल का विचारायचे, आणि काका उठून चहा करून आणायचे. पैसे विचारले तर म्हणायचे, हॉटेल बंद झालं, हे घर आहे.

आणि याच व्हरांड्यावरून पुढे काका आणि सेक्रेटरींचं फाटलं.

व्हरांडा सगळ्या तळमजल्याच्या पुढून सलग जायचा. त्यात वाळू यायची, कुत्री यायची, खारं पाणी उडायचं, बाहेरचे लोक यायचे. सोसायटीनं ठरवलं की प्रत्येकानं आपल्या घरापुढचा भाग काचा लावून बंद करून घ्यावा. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. बैठक सेक्रेटरींच्या घरी, त्या अर्ध्या फुलाखाली भरली. सगळ्यांनी हो म्हटलं. काका तेवढे उभे राहिले.

"तुमी काच लावा, भिंत बांधा, मले काई म्हनाचं नाई," ते म्हणाले. "माह्या घरापुढं आडवं काई येनार नाई. जो येईन तो बसन. कोनाले उठ म्हनाचं नाई."

सेक्रेटरींनी शांतपणे विचारलं की आपल्या या आग्रहाचं कारण कळेल का.

"बसाले कारन लागते का?" काका म्हणाले आणि घरी निघून आले.

महिनाभरात दोन्ही बाजूंनी काचा आल्या. मधला काकांचा भाग उघडा राहिला. लांबून इमारत दात पडलेल्या तोंडासारखी दिसायची. सेक्रेटरी यायचे बंद झाले. संध्याकाळी ते आपल्या काचेच्या आत बसायचे, काका बाहेर उलट्या खुर्चीत. मधे हातभर अंतर आणि एक काच. दोघंही एकमेकांना दिसत नसल्यासारखे.

मला राग आला होता तो काकांचा. चांगला जमलेला शेजार एका हट्टापायी घालवला असं वाटत होतं. एका दुपारी काका बाजारात गेले होते, काकू मेथी निवडत होत्या, तेव्हा मी तसं बोलून दाखवलं. काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली.

त्या म्हणाल्या, नोकरीत इथे बदली झाली तेव्हा त्यांचं नवीन लग्न झालं होतं. हे हॉटेल तेव्हा चालू होतं. एका रविवारी काका त्यांना चहाला घेऊन आले. नवा शर्ट घालून, त्यांना लग्नातलं लुगडं नेसायला लावून. व्हरांड्यात समुद्राकडे तोंड केलेल्या वेताच्या खुर्च्या होत्या. ते जाऊन बसले. वेटर आला आणि म्हणाला, इथे नाही, या मुक्कामाच्या पाहुण्यांच्या, तुम्ही आत बसा. आत म्हणजे मुदपाकखान्याच्या दाराशी. तिथून समुद्र दिसत नव्हता. बाहेरच्या खुर्च्या चहा संपेपर्यंत रिकाम्याच होत्या.

"ते काईच बोलले नाई," काकू म्हणाल्या. "चहा पेला अन् मले म्हने, चाल. माह्या सासऱ्याइले जिंदगीभर लोकाइनं तिकडं बस, तिकडं बस म्हनलं. याइले वाटलं होतं, आता शिकलो, साहेब झालो, आता नाई म्हनन कोनी." मग म्हणाल्या की त्या वेटरला काय माहीत होतं, त्यानं काही जात विचारली नव्हती. बोलणं आणि लुगडं पाहून म्हणाला असेल. "पन जिथं लागाचं तिथं लागलं."

घरातल्या भिंतीवर बुद्धाचं चित्र होतं. ते मी रोज बघत होते. त्या दुपारी मी त्याच्याकडे बघितलं आणि मेथीची एक जुडी पुढ्यात ओढून निवडायला बसले.

काका त्या चहाबद्दल पुन्हा कधीच बोलले नाहीत. काकूंना वाटलं विसरले. निवृत्त झाले त्याच सुमारास हॉटेलचे फ्लॅट निघाल्याचं त्यांनी पेपरात वाचलं आणि काकूंना न सांगता येऊन हा फ्लॅट विकत घेऊन गेले. बरोबर या व्हरांड्याला लागूनचा. धनजचे लोक म्हणाले, म्हातारा बिघडला. काकूंना इथे आणून खुर्चीत बसवलं तेव्हाही काका एवढंच बोलले होते, की आता बैस किती बसाचं त.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. काकांची उलटी खुर्ची काकूंच्या खुर्चीच्या बरोबर समोर होती. उन्हाचा शेवटचा उजेड काकूंच्या तोंडावर पडला होता आणि काका गप्पा मारता मारता ते तोंड बघत होते. मी त्यांना विचारलं की तुम्ही समुद्राकडे का बघत नाही. ते म्हणाले, "ती पाह्यते ना. दोघाइनं कायले पाहाचं?"

मी तिथे असताना दुसरं वर्ष संपत आलं, तेव्हा काकूंना दम लागायला लागला. आधी पायऱ्या चढताना, मग नुसतं चालताना, मग बसल्या जागी. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. गावातल्या डॉक्टरांकडे काकांबरोबर मीही गेले. तपासून झाल्यावर नर्स काकूंना वजन करायला बाहेर घेऊन गेली आणि डॉक्टरांनी काकांना सांगितलं की ही दमट हवा त्यांना सोसत नाही. औषधानं थोडं बरं वाटेल, पण इथे राहिल्या तर दर वर्षी वाढत जाईल. कोरड्या हवेच्या गावी न्या.

रिक्षात काकू विचारत होत्या डॉक्टर काय म्हणाले, तर काका म्हणाले, सरदी हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ताटातली अर्धी भाकर तशीच ठेवली. काकूंनी विचारलं तर म्हणाले, जात नाही. संध्याकाळी म्हणाले, धनजची लय आठवण येते. पुढे रोज काही ना काही सुरू झालं. लाटांच्या आवाजानं झोप लागत नाही म्हणायचे, आणि रात्रभर त्यांचं घोरणं माझ्या खोलीत ऐकू यायचं. पायाला खारी हवा बाधते म्हणायचे. समुद्राला आधीच्या दुप्पट शिव्या द्यायला लागले. मला स्वयंपाकघरात गाठून त्यांनी बजावलं, "तू काई बोलू नोको. तिच्या तब्येतीसाठी चाललो म्हनलं त ती हलनार नाई. म्हनन, मरू दे, पन इथंच बसतो. माह्यासाठी म्हनलं त येईन."

काकू काही दिवस ऐकत राहिल्या. एका संध्याकाळी खुर्चीतून उठता उठता म्हणाल्या, "तुमाले करमत नसन त चाला गावी."

निघायच्या दिवशी सामान रिक्षात चढलं. सेक्रेटरी आपल्या दारात येऊन उभे राहिले. कित्येक महिन्यांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. काका त्यांच्यापुढे जाऊन थांबले.

"साहेब, खुर्च्या," ते म्हणाले.

"काढीन मी," सेक्रेटरी म्हणाले.

काकू सेक्रेटरींच्या पत्नीच्या गळ्यात पडून रडल्या. काका रिक्षात पुढे, ड्रायव्हरशेजारी बसले आणि त्याला गाडी जपून चालवायला सांगू लागले.

मी त्या घरात एकटी राहिले. मी बँकेतून यायच्या आत सेक्रेटरी खुर्च्या काढून ठेवायचे. बाहेरच्या वाळूतून फिरून येणं अडचणीचं होतं म्हणून त्यांनी दोन घरांमधली काच उतरवून घेतली. मग पुढची काच तरी कशाला, असं त्यांच्या पत्नी म्हणाल्या, आणि तीही गेली. काकूंचा फोन यायचा. मासेवालीच्या सुनेला काय झालं, सेक्रेटरींचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे, हे सगळं विचारायच्या. मी समुद्राचं काही सांगायला लागले की विषय बदलायच्या.

वर्षभरानं माझी बदली झाली, नशिबानं कारंजाला. किल्ली सेक्रेटरींकडे देऊन मी घरी आले. पहिल्याच मोकळ्या रविवारी एसटीनं धनजला गेले.

स्टँडवर उतरले तर चहाच्या टपरीपुढच्या बाकावर काकाच बसलेले. भोवती दहा-पाच माणसं. त्यांचं बोलणं मला लांबूनच ऐकू आलं आणि मी मागेच थांबले. ते समुद्राबद्दल सांगत होते. संध्याकाळी पाणी आधी गुळाच्या पाकासारखं होतं, मग तांब्यासारखं. भरतीच्या वेळी आवाज कसा बदलतो. वाळूवर खेकड्यांची पिल्लं कशी नक्षी काढून जातात. आपल्याकडच्या धरणाला पाणी म्हणता तुम्ही, ते म्हणत होते, पाणी म्हणजे काय ते एकदा जाऊन पाहा. टपरीवाल्यानं मला थांबून ऐकताना बघितलं आणि म्हणाला, "बाई, तुमी तिकडच्या का? काकानं त आमाले समुद्र तोंडपाठ करून देल्ला."

काका मला बघून चपापले. घराकडे चालताना मी विचारलं, की हे सगळं तुम्ही बघितलं कधी. तुम्ही तर पाठ करून बसायचे.

"फाटे फाटे जात जाओ ना मी," ते म्हणाले. "उजाडाच्या आंधी, ती झोपून असे तवा." थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "मानसं लय चांगली होती व तिथली. इथं समदे आपलेच हायेत, पन संध्याकाळ झाली की मले कुठी बसाव समजत नाई."

कवाडाशी आल्यावर ते थांबले, आत कानोसा घेतला आणि आवाज खाली आणला. "घरात समुद्राचं काई काढू नोको. तिले आठवन येते. मंग दिवसभर गुमसुम राह्यते."

आत काकू ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून पटकन उठल्या, अंगणात आल्या, मला पोटाशी धरलं. मी कान देऊन ऐकलं. छातीतली शिट्टी गेली होती. तोंडावर रंग आला होता, बोलताना मधे थांबावं लागत नव्हतं. त्यांनी माझ्या आईची चौकशी केली, बँकेची केली. काका हातपाय धुवायला मागच्या दारी गेले तशी त्यांनी मला चुलीपाशी ओढून नेलं.

"एक सांगतो, त्याइच्यापुढं समुद्राचं नाव काढू नोको," त्या हळूच म्हणाल्या. "त्याइले करमत नाई इथं. टपरीवर जाऊन लोकाइले सांगत राह्यते, मले समदं समजते. मले बरं नोतं म्हनून त्याइनं आनलं इथं. मी का पागल हावो? त्या नर्सनंच सांगतलं होतं मले." त्यांनी चहात साखर घातली आणि ढवळत राहिल्या. "पन एवढ्या मेहनतीनं खोटं बोलले बाप्पा, अर्धी भाकर टाकून टाकून. ते मी कायले मोडू?"

मागच्या दाराशी तांब्या ठेवल्याचा आवाज आला आणि त्यांनी चहा गाळायला घेतला.

आम्ही तिघं ओसरीवर बसलो. तुरीला यंदा शेंगा कशा धरल्या आहेत, नागपूरच्या नातीचा पुढचा दात कसा पडला, कारंजाच्या बाजारात हल्ली गाडी लावायला जागा कशी मिळत नाही, सगळं बोलून झालं. काका मधेच, काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "इथं आलो तवापासून बरं हाय मले. तिथं माह्यं काई खरं नोतं."

"म्हनून त आलो ना तुमच्यासाठी," काकू म्हणाल्या आणि कप त्यांच्या हातात दिला.

मग दोघांनीही एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. मी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, काकू, आलं अगदी बेताचं पडलंय.